शब्दचोर, नावचोर आणि डोमगावची पोथी

विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ मूळची विजापूरची नव्हे. 1549 साली अहमदनगरात ती ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तिथून उचलून विजापूरला नेली. तिच्यासोबत निघालेली ‘कडक बिजली’ नावाची दुसरी तोफ वाटेत नदीत बुडाली, असं सांगतात. मलिक-ए-मैदान मात्र सुमारे 55 टनांचं वजन घेऊन पोहोचली.

या तोफेवर फारसी लेख आहेत. एकात ती ओतणाऱ्या कारागिराचं, मुहंमद बिन हसन रुमीचं, नाव आहे. दुसऱ्यात ज्याच्यासाठी ती ओतली त्या निजामशहाचं. आणि तिसरा लेख औरंगजेबाचा. 1686 मध्ये विजापूर पडल्यावर त्याने आधीच्या नावांशेजारी आपला विजय कोरून घेतला. तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं एक अक्राळविक्राळ जनावर, आणि त्याच्या दाढांखाली चिरडला जाणारा हत्ती. ती तोफ तीन राजवटींच्या हातांतून फिरली, पण तिची ओळख तिच्या तोंडावरच होती. नाव वर कोरता येतं, शेजारी दुसरं नावही कोरता येतं. ते तोंड बदलायचं तर मात्र तोफ वितळवावी लागली असती.

आपण घडवलेली वस्तू दुसऱ्याने आपली म्हणून खपवू नये, ही काळजी आज ऑनलाइन धंदा करणाऱ्या प्रत्येकाला असते. कोणी जाहिरातीचा मजकूर उचलतं, कोणी फोटो, कोणी अख्खा व्हिडिओ. फोटोवर टाकलेली नावाची मोहर कापता येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून हल्ली सल्ला मिळतो की मजकुरातच स्वतःला उतरवा, बोलण्याची लकब, अनुभव, आवडनिवड त्यात येऊ द्या, म्हणजे चोराला ते पचणार नाही. सल्ला नवा वाटतो. पण छापखाना नव्हता, कायदा नव्हता, पोथी हातोहात उतरवली जायची, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न पुरेपूर भोगला होता. आणि त्या इतिहासातला एक महत्त्वाचा पुरावा परंडा तालुक्यातच, सीनेकाठच्या डोमगावात, दोनशे वर्षांच्या आसपास मठात बांधून ठेवलेला होता.

सर्वांत जाहीर तक्रार तुकोबांची. गाथ्यात ‘सालोमालो’ या नावाने एक पात्र पुन्हा पुन्हा येतं. हे खरंच कोणा माणसाचं नाव की उचलेगिरी करणाऱ्या साऱ्या जातकुळीला दिलेलं टोपणनाव, यावर अभ्यासकांत मतं आहेत. त्याचा उद्योग मात्र स्पष्ट आहे. संतांची वचनं मोडायची, अभंगाच्या शेवटच्या चरणातलं नाव काढायचं, तिथे आपलं बसवायचं आणि हरिदास म्हणून मिरवायचं. तुकोबा अशांना सोडत नाहीत. दुसऱ्यांच्या उष्ट्या पत्रावळी गोळा करून कवित्वाची कळा दाखवणारे, असं त्यांनी या मंडळींना म्हटलं आहे. ज्याने स्वतःच्या काव्याचं कर्तेपणही विठ्ठलाला देऊन टाकलं, त्याने चोरीवर एवढं चिडावं, हे गमतीचं वाटेल. पण त्यांचा राग नाव गेल्याचा कमी आणि अर्थ बिघडल्याचा जास्त दिसतो. न जगलेलं बोलणं उसनं घेतलं की ते पोकळ वाजतं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

नाममुद्रेचा हा दुबळेपणा होता. ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘तुका म्हणे’ ही शेवटच्या ओळीतली सही कीर्तनात ऐकणाऱ्याला कर्ता सांगायची. पण ती चार-सहा अक्षरांची जागा. तितक्याच अक्षरांचं दुसरं नाव आलं की वृत्तालाही खरचटत नाही. सही होती, कुलूप नव्हतं.

कुलूप लावून पाहणारेही झाले. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. पंथाबाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली तरी त्याला ती निव्वळ नक्षी वाटायची. हेतू अर्थात धंद्याचा नव्हता. ग्रंथ पवित्र, शिवाय बाहेरच्यांकडून त्रासाची भीती. मजकूर सुरक्षित राहिला, यात शंका नाही. इतका सुरक्षित की ‘लीळाचरित्र’ यादवकाळातलं गद्य असूनही उरलेल्या महाराष्ट्राला विसाव्या शतकापर्यंत त्याचा नीट पत्ता नव्हता. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपीची किल्ली शोधल्यावर मराठी गद्याचा इतिहास काही शतकं मागे गेला. वाचकालाच बाहेर ठेवणारं संरक्षण किती महाग पडतं, याचं याहून मोठं उदाहरण मराठीत नाही.

एकनाथांनी तिसरी वाट धरली. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या हाती लागलेल्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत लेखकूंनी आणि हौशी भक्तांनी मूळ ग्रंथात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. त्या काढल्यावर नाथांनी शेवटी इशारा लिहिला, की यापुढे या ग्रंथात जो आपली ओवी मिसळील त्याने अमृताच्या ताटात नरोटी वाढली असं समजावं. शाप नाही, दंड नाही. नुसती लाज वाटावी अशी सोय. ज्ञानेश्वरीची चव ज्याला कळते त्याला घुसडलेली ओवी दाताखाली लागेलच, यावर नाथांचा भरवसा होता.

आता डोमगाव.

समर्थ रामदासांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचा मठ इथला. कल्याणांचं मूळ नाव अंबाजी. समर्थ सांगत आणि कल्याण लिहीत, अशी या जोडीची ख्याती. दासबोध शिवथरच्या घळीत असाच उतरला, अशी परंपरा आहे. समर्थांनी कल्याणांना पुढे मराठवाड्याच्या या कडेला पाठवलं. दासबोधाची कल्याणांच्या हातची प्रत, जिच्यावर खुद्द समर्थांनी नजर फिरवून दुरुस्त्या केल्या असं मानतात, ती डोमगावच्या मठात राहिली. कल्याणस्वामींनी 1714 मध्ये देह ठेवला. त्यानंतर साताऱ्याची सत्ता पुण्याच्या हाती गेली, पेशवाई संपली, परंडा निजामाच्या मुलखात राहिला. पोथी जागची हलली नाही.

रामदास हे या साऱ्या विषयातले सर्वांत सावध लेखक म्हणायला हवेत. दासबोध उघडताच श्रोते विचारतात की हा ग्रंथ कोणता, यात काय आहे. आणि ग्रंथच आपलं नाव-गाव सांगतो. शेवटच्या दशकात वीस दशक आणि दोनशे समास अशी मोजदाद मजकुरातच नोंदवली आहे. कोणी एकविसावं दशक जोडलं की तो तिथेच पकडला जाणार. सहाव्या दशकात कलियुगाची 4760 वर्षं झाल्याचा उल्लेख येतो, म्हणजे 1659 साल. ग्रंथाने स्वतःच्या अंगावर स्वतःचा काळ लिहून ठेवला.

आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर थेट लेखकूंसाठी आहे. अक्षर कसं असावं, काळं, ठसठशीत, वाटोळं, मोत्यांच्या माळांसारखं. ओळींतलं अंतर सारखं. काना, मात्रा, वेलांटी स्वच्छ. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी आपल्यालाच वाचता येत नाही. कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागत नाही. बोरू, चाकू, शाई, कागद, पुठ्ठे, बांधणी, सगळ्याची याद. धर्मग्रंथात लेखनिकाची ही कार्यशाळा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर मठांच्या जाळ्यात आहे. शेकडो रामदासी हा ग्रंथ उतरवून गावोगाव नेणार होते. प्रत्येक उताऱ्यात दोन चुका झाल्या तरी पाचव्या पिढीत ग्रंथ ओळखू येणार नाही, हे रामदासांना दिसत होतं.

पण या साऱ्या तजविजीपेक्षा मोठं संरक्षण त्यांच्या बोलण्यातच होतं. रामदासांना याद्यांचा सोस. मूर्खाची लक्षणं सांगायला घेतली की ते थांबत नाहीत; ती संपली की पढतमूर्खाची वेगळी. शब्द उंबरठ्यावरचे, बाजारातले, कचेरीतले. फारसीचं वावडं नाही. एकच क्रियापद ओवीमागून ओवी हातोड्यासारखं आदळत राहतं. पंडिती काव्याच्या फूटपट्टीने ही रचना खडबडीत आहे, आणि तसं म्हणणारे टीकाकार झालेही. तोच खडबडीतपणा तिच्या कामी आला. गुळगुळीत श्लोक कोणाच्याही नावावर शोभतो. दासबोधातली चार पानं दुसऱ्या कोणाच्या नावावर वाचून पाहावीत, ती अंगाला बसत नाहीत.

इथे मात्र कथेला वळण आहे, आणि आजचे सल्लागार ते सहसा सांगत नाहीत. व्यक्तिमत्त्व जितकं ठाशीव तितका शब्दचोर दूर राहतो, हे खरं. पण त्याच मापाने दुसरा चोर जवळ येतो. हा तुमचे शब्द नेत नाही, तुमचं नाव नेतो. स्वतः चार ओळी रचायच्या आणि खाली मोठ्या माणसाची मुद्रा ठोकायची. पहिल्याला कीर्ती हवी असते, दुसऱ्याला वजन. आणि जुन्या मराठी वाङ्मयात या दुसऱ्याने पहिल्याहून किती तरी जास्त गोंधळ घातला आहे.

नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना इतक्या मिसळल्या की त्या निवडणं हा अभ्यासकांचा स्वतंत्र उद्योग होऊन बसला. त्यात फसवणूक होती असंही नाही. नाव सारखं, पुढचं काम उतरवणाऱ्यांनी केलं. रामदासांच्या घरातच असा घोळ. थोरले बंधू गंगाधरपंत ‘रामीरामदास’ म्हणून ओळखले जात, तेही ग्रंथ लिहीत, आणि ‘रामीरामदास’ ही मुद्रा धाकट्याच्या पदांतही आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी तर ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग रचणारे वेगळे असा वाद मांडून महाराष्ट्र ढवळून काढला. बहुसंख्य अभ्यासकांनी तो मानला नाही. तरी एका नावाखाली दोन आवाज ऐकू येतात का, हा प्रश्न तेव्हापासून कोणाला टाळता आला नाही.

तुकोबांचं काय झालं? ज्यांनी सालोमालोवर कोरडे ओढले, त्यांच्याच नावावर पुढे अभंगांची रास पडली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी 1869 पासून काढलेल्या छापील गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आले. वि. ल. भाव्यांनी 1920 च्या सुमारास तुकोबांचे अभंग उतरवणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून ‘अस्सल’ गाथा छापला, तो भरला तेराशेच्या आसपास. मधले सगळे बनावट असं कोणी म्हणणार नाही. संताजींनी सगळंच उतरवलं असेल असं नाही. पण ‘तुका म्हणे’ या दोन शब्दांना एवढी किंमत आली होती की ते जोडण्याचा मोह किती जणांना झाला असेल, याचा अंदाज करता येतो.

नावचोरापुढे शैली अपुरी पडते, कारण चांगला नकलाकार शैलीच तर उचलतो. तिथे उपयोगी पडतो तो ओळखीच्या हातचा, ठिकाणा माहीत असलेला, जुना कागद. देहूच्या परंपरेत संताजींची वही, रामदासी परंपरेत डोमगावची पोथी.

ती पोथी जगासमोर आणणारा माणूस पेशाने वकील होता, हे अगदी योग्य झालं. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि रामदासी मठांतली बाडं गोळा करण्यात आयुष्य घातलं. बाजारात तेव्हा दासबोधाच्या छापील प्रती होत्याच, पण प्रत्येकीचा पाठ थोडा वेगळा. देवांनी वकिलाला साजेशी रीत धरली, मूळ दस्तऐवज कुठे आहे ते आधी पाहायचं. तो डोमगावात सापडला. त्याबरहुकूम त्यांनी 1905 मध्ये दासबोध छापला. 7751 ओव्यांचा जो दासबोध आज घरोघरी वाचला जातो, तो मुख्यतः या डोमगावच्या पाठावर उभा आहे. शिवथरच्या घळीची जागाही 1930 मध्ये देवांनीच शोधून काढली, आणि धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात त्यांनी जमवलेला हस्तलिखितांचा संग्रह आजही आहे. परंड्यात मात्र या पोथीबद्दल किल्ल्याइतकं बोललं जात नाही. पर्यटकाला सव्वीस बुरूज दाखवले जातात, खंदक दाखवला जातो.

परंड्याने आणखी एक लेखक दिला. एकोणिसाव्या शतकात कल्याणांच्याच परंपरेतले हंसराजस्वामी इथे मठ करून राहिले. ‘वेदेश्वरी’, ‘आगमसार’ असे स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिले आणि शंकराचार्यांच्या नावावरच्या ‘लघुवाक्यवृत्ती’वर मराठी टीकाही. मूळ वचन वर, आपलं म्हणणं खाली, दोघांची हद्द स्पष्ट: टीकेची ही जुनी पद्धत उचलेगिरीच्या बरोबर उलट टोकाला आहे. दुसऱ्याच्या मजकुरावर उभं राहूनही स्वतःचं लिहिता येतं, हे ती शेकडो वर्षं दाखवत आली.

पोथीच्या जगात पैसा नव्हता. तमाशाच्या फडात होता, आणि तिथे चोरी थेट पोटावर येई. लावणी एकदा रात्री हजार माणसांसमोर गायली की दुसऱ्या फडाच्या शाहिराने ती पाठ केलीच म्हणून समजा. शेवटच्या कडव्यात नाव घालण्याची चाल शाहिरांनीही चालवली. सोलापूरचे राम जोशी ‘कविराय’ म्हणून येत. होनाजीने तर आपल्या गाणाऱ्या साथीदाराचं नाव स्वतःच्या नावाला जोडून ‘होनाजी बाळा’ अशी दोघांची सामायिक ओळख करून टाकली. पण फडाचा खरा पहारेकरी होता सवाल-जवाब. कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन प्रतिस्पर्धी पक्ष समोरासमोर उभे राहिले की पाठ केलेल्या लावणीने भागत नसे. कोड्याचं उत्तर त्याच चालीत, त्याच क्षणी द्यावं लागे. उसनी लावणी गाणारा तिथे गप्प पडला की प्रेक्षकांना काय ते कळायचं.

पठ्ठे बापूरावांनी (1866–1945) हे सगळं एका टोकाला नेलं. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण तरुण. घरदार, वतन सोडून तमाशात आला आणि त्याने ‘पठ्ठे बापूराव’ हा माणूसच निर्माण केला. फेटा, ऐट, नर्तकी पवळेसोबतची जोडी, बिनधास्त तोंड. मुंबईत पाटी लागे ती या माणसाच्या नावाची. त्यांच्या लावण्या इतर फडांनी सर्रास गायल्या, त्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले, हे विसरता कामा नये. शब्दांवरचं त्यांचं नाव कोणाला पुसता आलं नाही, तरी त्या नावाने भाकरी राखली नाही. व्यक्तिमत्त्व हेच संरक्षण असं सरसकट सांगणाऱ्यांनी बापूरावांचा हिशेबही मांडावा.

कायदा होता, पण कागदावर. कंपनी सरकारने 1847 मध्ये लेखकाच्या हक्काचा कायदा केला, 1914 मध्ये नवा आला, आणि स्वतंत्र भारताचा 1957 मध्ये. या शेवटच्या कायद्याचं 57 वं कलम लेखकाला दोन गोष्टी देतं: हे माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार आणि त्याची मोडतोड रोखण्याचा अधिकार. सालोमालोविरुद्ध तुकोबांच्या दोन्ही तक्रारी यात बसतात.

कायदा जिथे हात टेकतो तिथली मराठी उदाहरणं तर बघण्यासारखी आहेत. तिथी कोणाच्या मालकीची नसते. 1973 मध्ये जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं तेव्हा त्यातला मुख्य मजकूर, सण, चतुर्थ्या, एकादश्या, पंचांगकर्ते शतकानुशतकं देत आलेलाच होता. मागोमाग तशी दिनदर्शिका काढायला कोणालाच अडचण नव्हती, आणि पुष्कळांनी काढल्या. साळगावकरांनी पानाच्या पाठीवर नामवंतांचे लेख आणि पाककृती घातल्या, शंकेला उत्तर द्यायला ज्योतिर्भास्कर म्हणून स्वतः उभे राहिले. लोक तिथी कुठेही पाहू शकत होते. ‘यंदा संक्रांत कधी’ हे मात्र त्यांनाच विचारत. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’चंही (1970) तसंच. पुरणपोळीच्या साहित्यावर कोणाचा हक्क? पण वाटी आणि चमच्याच्या मापात, शेजारी उभं राहून सांगितल्यासारखी सांगण्याची त्यांची रीत नव्या संसारातल्या मुलींना आईची वाटली. पाककृती उचलता आल्या, त्या बाई उचलता आल्या नाहीत.

आता मात्र बाईही उचलता येते. यंत्राला आवाजाचे थोडे नमुने दिले की ते त्या आवाजात न गायलेलं गाणं गातं. हा शब्दचोर नव्हे, जुना नावचोरच. फक्त त्याला आता रचनेचे कष्टही घ्यावे लागत नाहीत. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देताना नाव, आवाज, गाण्याची ढब, लकबी, छबी आणि सही या साऱ्यांना संरक्षण दिलं. 2025 मध्ये आशा भोसले याच न्यायालयात गेल्या आणि त्यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबवण्याचा आदेश मिळवून आल्या. ऐंशी वर्षं गाणाऱ्या बाईंना आपला आवाज आपला आहे हे वकिलामार्फत सांगावं लागलं. आणि त्यांच्या बाजूने बोलायला मूळ ध्वनिमुद्रिका होत्या, तारखांसकट, कंपन्यांच्या दप्तरात नोंदलेल्या.